विमानाचा मुका सारथि व त्याची सक्तीची तपासणी

गेल्या दिवाळींत आमच्या घरीं सारी मंडळी जमली असतां एक लहानसा प्रसंग घडला. आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा विमानांच्या यंत्रदुरुस्तीचें शिक्षण घेऊन नुकताच नोकरीस लागला आहे. फराळास बसल्यावर त्यानें सहज सांगितलें कीं, हल्लींचीं लहान जेट विमानें देखील एकदां वर गेलीं म्हणजे बहुतेक सारा प्रवास आपले आपणच करितात. वैमानिकाचा हात सुकाणूस लागलेला सुद्धां नसतो. हें ऐकून आमच्या मातोश्रींनीं हातांतील चकली ताटांत परत ठेविली.

"आपोआप उडतें म्हणतोस, मग तो आपोआप उडविणारा बिघडला म्हणजे काय रे?"

"तो बिघडूं नये म्हणून तर मला पगार देतात, आजी."

सारे हंसले. मातोश्री मात्र हंसल्या नाहींत. "तुला पगार देतात तें ठीक. पण तूं नीट पाहिलेंस कीं नुसती सही ठोकलीस, हें कोण पाहतें?"

चिरंजीवांस यावर तत्काळ उत्तर सुचलें नाहीं, व आम्हां इतरांस तर प्रश्नाचें गांभीर्य देखील तेव्हां कळलें नाहीं. पुढें दोन दिवस मी त्याच्याजवळ बसलों, त्याचीं पुस्तकें चाळलीं, व मग मला वाटूं लागलें कीं, ऐशीं वर्षांच्या त्या माउलीनें नेमकें वर्मावरच बोट ठेविलें होतें. त्या दोन दिवसांत जें समजलें तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

विमानांचें शास्त्र म्हणजे मुंबई-दिल्लीकडील बड्या लोकांची गोष्ट. आपणां तापीकांठच्या माणसांचा तिच्याशीं संबंध काय, असें कोणी म्हणेल. पण तो काळ गेला. खानदेशी माणसानें आकाशाकडे पाहावें तें फक्त मृग नक्षत्राच्या सुमारास, अशी एके काळची स्थिति होती. आज धुळ्याजवळ गोंदूरच्या बाजूस राहणाऱ्यांस विचारा. ज्या मुंबईच्या फ्लाइंग क्लबाची स्थापना १९२८ सालीं झाली, व ज्या पिढींत जे. आर. डी. टाटा यांनीं १९२९ च्या फेब्रुवारींत हिंदुस्थानांतील पहिला वैमानिक-परवाना मिळविला, त्या क्लबाची शिक्षणशाळा पुढें मुंबईच्या गर्दींतून निघून गोंदूरच्या धांवपट्टीवर आली. शिरपूरकडे दुसरी शाळा निघाली. जळगांवचा कुसुंब्याजवळचा विमानतळ नव्यानें बांधून २०१२ च्या मार्चांत तत्कालीन राष्ट्रपति प्रतिभाताई पाटील यांच्या हस्तें उघडण्यांत आला. प्रतिभाताई याच जिल्ह्याच्या, ही गोष्ट येथील लोक अजून अभिमानानें सांगतात. तेथील धांवपट्टी सुमारें पावणे दोन किलोमीटर लांबीची. मोठीं जेट विमानें तीवर उतरत नाहींत, पण कारखानदारांचीं, पुढाऱ्यांचीं, क्वचित् एखाद्या आजारी माणसास तांतडीनें मुंबईस नेणारीं लहान विमानें येत-जात असतात. आणि ज्या घरांतून पूर्वीं मुलें वकिली व डॉक्टरीकडे जात, त्याच घरांतील मुलें व मुली आतां उड्डाणाचे तास मोजूं लागल्या आहेत. व्यवसायी वैमानिकाच्या परवान्यास आपल्याकडे असे दोनशें तास भरावे लागतात.

आणि याचें दुःखहि आपल्या दारापर्यंत येऊन गेलें आहे. १६ जुलै २०२१ रोजीं शिरपूरच्या शाळेचें एक शिक्षणाचें विमान चोपडा तालुक्यांत वर्डी गांवानजीक सातपुड्याच्या रानांत कोसळलें. शिक्षक मरण पावले. विद्यार्थिनी जबर जखमी झाली. तेथें मोटार जाण्याजोगा रस्ता नव्हता. आदिवासी गांवकऱ्यांनीं झोळी करून त्या मुलीस डोंगराखालीं आणिलें, आणि त्या झोळीकरितां एका भिल्ल भगिनीनें आपलें लुगडें सोडून दिलें. तें विमान जेट नव्हतें व प्रस्तुत विषयाशीं त्या अपघाताचा यांत्रिक संबंध जोडण्याचा माझा हेतु नाहीं. विमानाची तपासणी हा विषय आपल्या घरचा कां झाला, एवढेंच त्यावरून दिसावें.

आतां हा आपोआप उडविणारा, ज्यास विमानवाले ऑटोपायलट म्हणतात, तो आहे तरी काय? माझ्या लहानपणीं कापसाच्या हंगामांत बैलगाड्यांच्या रांगा रात्रभर जळगांवच्या जिनांकडे चालत. गाडीवान पुढच्या जुवाड्याकडे एकदां पाहून घेई, घोंगडी पांघरी व झोंपी जाई. बैल वाट चुकत नसत. पहांटे गाडी जिनाच्या दारांत उभी. बैलांस वाट ठाऊक असे, पण वाटेंतील मोरी काल वाहून गेली आहे, हें ठाऊक नसे. त्यासाठीं गाडीवानाची झोंप सावध हवी. ऑटोपायलट हा असाच, वाट जाणणारा परंतु मोरी न जाणणारा बैल आहे. त्याचा आणखी एक विशेष असा कीं, तो दमत नाहीं व हंबरतहि नाहीं.

त्याचा जन्म शंभर वर्षांपूर्वींचा. १८ जून १९१४ रोजीं पॅरिसजवळ सीन नदीच्या कांठीं विमानांच्या सुरक्षिततेची एक स्पर्धा चालली होती. लॉरेन्स स्पेरी नांवाचा एकवीस वर्षांचा अमेरिकन तरुण आपलें विमान घेऊन लोकांच्या माथ्यावरून गेला तो दोन्ही हात वर करून! दुसऱ्या फेरीस त्याचा फ्रेंच जोडीदार एमिल काशँ हा चालत्या विमानाच्या पंखावर जाऊन उभा राहिला; एका बाजूस भार पडला तरी विमान सरळच. परीक्षकांनीं पन्नास हजार फ्रँकांचें बक्षीस दिलें. या जादूच्या पोटीं होता काय, तर भोंवरा! वेगानें फिरणारा भोंवरा आपला आंस सहसा कलूं देत नाहीं, हें आपल्या प्रत्येक पोरास ठाऊक आहे. विमान कललें तरी भोंवरा कलत नाहीं. या दोहोंतील फरक ओळखून पंखाच्या पट्ट्या हालवावयाच्या, ही स्पेरीची युक्ति. पुढें १९३३ सालीं वायली पोस्ट यानें अशाच यंत्राच्या साह्यानें एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली व ती सात दिवस, अठरा तास, एकोणपन्नास मिनिटांत पुरी केली. एकटा माणूस जागून जागून किती जागणार? मधून मधून त्यानें यंत्राच्या भरंवशावर डोळा लाविला असल्यास नवल नाहीं. आपल्याकडे त्याच सुमारास, म्हणजे १९३२ च्या ऑक्टोबरांत, टाटांनीं कराचीहून मुंबईस टपाल आणिलें तें मात्र सर्वस्वीं हातानें व डोळ्यांनीं.

आजच्या यंत्रांत भोंवऱ्याच्या जागीं प्रकाशकिरणांचीं किंवा सूक्ष्म स्फटिकांचीं साधनें आलीं आहेत, तत्त्व तेंच. चिरंजीवांनीं तें आजीस समजाविलें तें असें: यंत्रास डोळे आहेत, मेंदू आहे व हात आहेत. डोळे म्हणजे विमानाचा कल, दिशा, उंची, वेग व समोरून येणाऱ्या वाऱ्याचा कोन मोजणारीं साधनें. मेंदू म्हणजे गणकयंत्र. हात म्हणजे सर्वो नांवाच्या लहान विजेच्या मोटारी. त्या तारांच्या द्वारें सुकाणूच्या पट्ट्या ओढतात. या प्रत्येक हातांत एक क्लच असतो, आणि साऱ्या गोष्टींत मला तोच मोठा मनोवेधक वाटला. यंत्र वेड्यासारखें ओढूं लागलें तर वैमानिकानें आपल्या मनगटाच्या बळानें त्याचा हात हटविला पाहिजे; म्हणून क्लच ठराविक जोरापलीकडे घसरला पाहिजे. पण तो फार सैल असेल तर धक्क्याधक्क्याच्या हवेंत यंत्राच्यानें विमान धरवणार नाहीं. म्हणजे नोकर इतका बळकट हवा कीं काम करील, व इतका नाहीं कीं धन्यास आवरणार नाहीं. हें माप कारखान्यांत एकदां बसवून भागत नाहीं. झीज होते, तेलकटपणा येतो, तारांचा ताण थंडी-उन्हानें बदलतो. म्हणून मोजावें लागतें, पुनःपुन्हां.

लहान जेटांत ही गोष्ट अधिक नाजुक कां, तेंहि सांगितलें पाहिजे. मोठ्या प्रवासी विमानांत असे मुके सारथि बहुधा दोन किंवा तीन असतात व ते एकमेकांवर नजर ठेवितात. लहान जेटांत जागा व पैसा दोन्ही बेताचीं. वेग मात्र मोठ्यांच्याच जवळपास, ताशीं सातशें-आठशें किलोमीटर. कांहीं जेटांस एकाच वैमानिकानें चालविण्याची मुभा असते, आणि तेथें ऑटोपायलट चालू स्थितींत असणें ही त्या मुभेचीच अट असते. दुसऱ्या माणसाची खुर्ची जणूं यंत्रास दिलेली.

शिवाय उंचीचा प्रश्न आहे. पूर्वीं एकोणतीस हजार फुटांच्या वर एकाखालीं एक जाणाऱ्या विमानांत दोन हजार फुटांचें अंतर ठेवीत. गर्दी वाढली, तेव्हां एकोणतीस ते एकेचाळीस हजार फुटांच्या पट्ट्यांत तें अंतर एक हजारावर आणिलें. हजार फूट म्हणजे कागदावर पुष्कळ. पण दोन जेटें समोरासमोरून येत असतां तें किती थोडें! म्हणून या पट्ट्यांत शिरणाऱ्या प्रत्येक विमानाच्या यंत्रानें स्थिर हवेंत ठरलेली उंची पासष्ट फुटांच्या आंतबाहेर राखिली पाहिजे असा दंडक आहे. हातानें तासन्‌तास असें उडविणें माणसाच्या आवांक्यापलीकडचें. यंत्र नादुरुस्त, तर पट्ट्यांत मज्जाव. मग खालच्या दाट हवेंतून जावें, व जेट एंजिनास तेथें इंधन अतोनात लागतें. पाहा, ऑटोपायलट धड असावा यांत मालकाचा नफा आहे. पण तो बिघडला असतां ती गोष्ट कोणास कळूं नये, यांतहि त्याचा तितकाच नफा आहे. हा दुसरा नफा आहे म्हणूनच तपासणी मालकाच्या मर्जीवर सोडतां येत नाहीं.

ही सक्ती येते कोठून? विमानांत एखादा दोष दिसला कीं कारखाना प्रथम आपल्या गिऱ्हाइकांस पत्रक धाडतो. तें झालें वैद्याच्या सल्ल्यासारखें. ऐका किंवा न ऐका. परंतु दोष जिवावर बेतणारा आहे असें दिसल्यास, ज्या देशांत विमानाचा आराखडा मंजूर झाला त्या देशाचें विमानखातें आदेश काढतें. अमेरिकेंतील खात्याच्या भाषेंत त्यास एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह म्हणतात. आपण उड्डाणयोग्यतेचा आदेश म्हणूं. तो देवी टोचण्याच्या सक्तीसारखा. त्यांत मर्जीचा प्रश्न नाहीं. १९४४ च्या शिकागो येथील करारान्वयें हे आदेश ज्या ज्या देशांत तसलीं विमानें नोंदलेलीं असतील तेथें पोंचतात. आपल्याकडे तें काम दिल्लीच्या नागरी विमानचालन महासंचालनालयाचें. १९३४ च्या जुन्या विमान-कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियमानें घेतली, तरी मूळ गोष्ट तीच राहिली: आदेश पुरा केल्यावांचून विमान उडविणें हा गुन्हा. कांहीं आदेश म्हणतात, अमुक तासांच्या आंत तपासा. कांहीं म्हणतात, दर इतक्या तासांनीं तपासत राहा. आणि कांहीं, सर्वांत कडक, म्हणतात कीं पुढचें उड्डाण करण्यापूर्वींच.

या शेवटच्या जातीचें एक उदाहरण मुद्दाम देतों. अमेरिकेंत मिनेसोटा संस्थानांत डुलुथ गांवीं सिरस नांवाचा कारखाना आहे. त्यानें एका एंजिनाचें, पांच-सात माणसांचें व्हिजन नांवाचें जेट काढिलें. २०१६ च्या ऑक्टोबरांत त्यास मंजुरी मिळाली. नागरी उपयोगाचें तसलें एका एंजिनाचें जेट तोंपर्यंत मंजूर झालें नव्हतें. संबंध विमानास पुरेल एवढी हवाई छत्री देखील त्यांत होती; त्यामुळें धनिक हौशी लोकांच्या त्यावर उड्या पडल्या. २०१८ च्या अखेरीपासून २०१९ च्या एप्रिलपर्यंत मात्र त्यांच्या वैमानिकांस तीनदां विलक्षण अनुभव आला. विमान व्यवस्थित चाललें असतां एकाएकीं धोक्याची घंटा वाजूं लागे, सुकाणू थरथरे, आणि यंत्र आपण होऊन विमानाचें नाक खालीं दाबूं लागे. वैमानिकानें वर ओढावें, यंत्रानें खालीं दाबावें. यांतील मौज, मौज कसली, भय असें कीं, ऑटोपायलट बंद केला असतांहि हें घडूं शके. कारण त्या विमानांत वैमानिकाच्या चुका सांवरण्यासाठीं जी संरक्षक योजना आहे ती ऑटोपायलटचेच हात वापरते.

डोळे खोटें बोलत होते. वाऱ्याचा कोन मोजणारें जें पातें विमानाच्या अंगावर असतें, त्याच्या आंसास मापक जोडणारे दोन बारीक स्क्रू कारखान्यांत नीट आवळलेले नव्हते. आंस फिरे, मापक मागें राही; आणि मेंदूस वाटे कीं विमान आतां कोसळणार. महिन्याभरापूर्वींच, १० मार्च २०१९ रोजीं, इथिओपियाचें मोठें बोइंग मॅक्स विमान पडून एकशें सत्तावन माणसें गेलीं होतीं. त्याच्या आधीं ऑक्टोबरांत इंडोनेशियांत एकशें एकोणनव्वद. तेथेंहि वाऱ्याच्या कोनाचें खोटें माप व नाक खालीं दाबणारें यंत्र. त्यामुळें या वेळीं अमेरिकन खात्यानें वाट पाहिली नाहीं. १८ एप्रिल २०१९ रोजीं तांतडीचा आदेश निघाला: हें माप बदलल्यावांचून एकहि व्हिजन जेट उडवूं नये. एकहि माणूस दगावला नसतां, केवळ तीन धोक्याच्या घंटांवरून, तसलीं सारीं विमानें जेथल्या तेथें उभीं राहिलीं. कोट्यधीश मालकांची किती चिडचिड झाली असेल, हें आपण समजूं शकतों. पण दोन स्क्रू!

(त्याच विमानांत पुढें २०२० सालीं एक नवी सोय आली. वैमानिकास भोंवळ आली तर उतारूनें एक बटण दाबावें. यंत्र जवळचा विमानतळ शोधून आपण उतरतें. हें मातोश्रींस सांगितलें तेव्हां त्या म्हणाल्या, "तें बटण तरी कोणी तपासलें आहे का?")

प्रत्यक्ष तपासणी कशी चालते हें चिरंजीवांच्या तोंडून ऐकण्याजोगें आहे. आपल्याकडे विमान-अभियंत्यांच्या परवान्यांत वर्ग आहेत. एंजिन व सांगाडा पाहणारे निराळे व विजेचीं-संदेशांचीं यंत्रें पाहणारे निराळे. हा दुसऱ्यांपैकीं. तो म्हणतो, "काका, ते शल्यवैद्य, आम्ही मज्जातंतूंचे वैद्य." प्रथम कागद. आदेश या विमानास, या नंबरच्या भागास लागू आहे कीं नाहीं, हें पाहण्यांतच कधीं कधीं अर्धा दिवस जातो. मग विमान छपरीखालीं घेऊन त्याच्या पोटाखालच्या झांकण्या काढावयाच्या. आंत हात जेमतेम शिरतो. आरसा व दिवा घेऊन तारांची प्रत्येक वळी पाहावयाची, कोठें वेष्टण घांसलें आहे का, कोठें जोड हिरवा पडला आहे का. क्लच काढून मेजावर ठराविक जोर लावून तो कोठें घसरतो तें मोजावयाचें. वाऱ्याचें पातें हातानें फिरवून प्रत्येक कोनास पडद्यावरचा आंकडा जुळतो कीं नाहीं तें पाहावयाचें.

उंची मापण्याच्या नळ्यांची परीक्षा तर फार गमतीची. विमान जमिनीवर उभें असतां त्या नळ्यांतील हवा पंपानें हळूहळू ओढून घेतात. बिचाऱ्या यंत्रास वाटतें, आपण चाळीस हजार फुटांवर पोंचलों! तेथें त्यास थोडा वेळ ठेवून हवा कोठें झिरपते का तें पाहतात, आणि मग तितक्याच सावकाश खालीं आणितात. घाई केली तर नाजुक मापकें फुटतात. शेवटीं वैमानिकाच्या खुर्चींत बसून ऑटोपायलट लावावयाचा, सुकाणू जोरानें ढकलून तो हटतो का पाहावयाचा, व सुकाणूवरचें तांबडें बटण दाबून तो तत्काळ सुटतो का, सुटल्याची सूचना वाजते का, हें पाहावयाचें. हें शेवटचें तर प्रत्येक वैमानिकानेंहि रोज उड्डाणापूर्वीं करावयाचें असतें. भुसावळच्या फलाटावर गाडी थांबली कीं लांब दांड्याच्या हातोडीनें एकेक चाक वाजवीत जाणारा मनुष्य आमच्या पिढीनें पाहिला आहे. टण् आवाज आला तर ठीक, बद्द आला तर चाकास चीर. माझ्या दृष्टीनें हें सारें त्या हातोडीचेंच शास्त्र. फक्त टण् कोणता व बद्द कोणता हें ओळखावयास चार वर्षें लागतात.

आतां एक हकीकत सांगतों. नांव-गांव विचारूं नये. चिरंजीव ज्या ठिकाणीं उमेदवारी करीत होते तेथें एक लहान जेट होतें. ऑटोपायलटच्या हातांसंबंधींचा एक आदेश त्यास लागू होता व मुदतीपैकीं उड्डाणाचे तीनच तास उरले होते. इतक्यांत एका लग्नाच्या मंडळींस घेऊन जाण्याचें काम आलें. जाऊन येऊन चार तासांचें. व्यवस्थापकांचें म्हणणें, मागच्या खेपेस यंत्र उत्तम चाललें, एका तासानें काय आभाळ कोसळतें? जाऊन या, मग तपासा. तास कागदावर बसवितां येतील. सही करावयाची ती तेथील वृद्ध अभियंत्यांनीं. त्यांनीं चष्मा काढून खिशांत घातला आणि म्हटलें, "मला दिसत नाहीं." एवढेंच. पुढें पुष्कळ आरडाओरड झाली. लग्नाची मंडळी दुसऱ्या विमानानें गेली, पैशांचें नुकसान झालें, आणि दोन दिवस खपून यंत्र उघडलें तों आंत सर्व कांहीं ठाकठीक! एक खिळा इकडचा तिकडे नव्हता. सबंध महिना लोक त्या वृद्ध गृहस्थांस "दिसलें का हो कांहीं?" म्हणून चिडवीत होते. चिरंजीवांनीं मजजवळ कबूल केलें कीं, त्या चिडविणाऱ्यांत आपणहि होतों.

मला या गोष्टीचा मोह पडतो तो त्यांत कांहीं सांपडलें नाहीं म्हणूनच. तपासणींत चीर सांपडली, प्राण वांचले, अशा गोष्टी सांगावयास सोप्या असतात. परंतु शंभरांतील नव्याण्णव तपासण्यांत कांहीं सांपडत नाहीं, आणि ज्यांत कांहीं सांपडत नाहीं तें काम मनुष्य नेहमींच उत्साहानें करील अशी अपेक्षा धरणें कठीण. माझ्या मतें या धंद्यांतील खरा शत्रु तोच आहे. लबाडी त्याच्या मागून येते.

यंत्र निर्दोष असलें म्हणजे सर्व साधलें, असेंहि नव्हे. २५ ऑक्टोबर १९९९ रोजीं पेन स्ट्युअर्ट हा विख्यात गोल्फ खेळाडू ऑर्लँडोहून डॅलसकडे लिअरजेट जातीच्या लहान जेटांतून निघाला. वाटेंत विमानांतील हवेचा दाब गेला व आंतील सहाहि माणसें बेशुद्ध झालीं. ऑटोपायलट मात्र शाबूत होता. त्यानें तें विमान सुमारें चार तास, हजारों किलोमीटर, निमूटपणें चालविलें. लष्करी विमानें जवळ जाऊन पाहून आलीं. कांचांवर बर्फ धरलें होतें व आंत हालचाल नव्हती. इंधन संपल्यावर तें साउथ डकोटाच्या माळावर पडलें. गाडीवान मेला तरी बैल चालतच राहिले.

याच्या उलट, १४ सप्टेंबर २०२३ रोजीं विशाखापट्टणहून आलेलें एक लिअरजेट मुंबईच्या विमानतळावर भर पावसांत उतरतांना उजवीकडे जाऊन आपटलें व त्याचे दोन तुकडे झाले. दैवयोगानें आंतील आठहि माणसें वांचलीं. त्या अपघाताचें खापर मी कोणावर फोडीत नाहीं. परंतु अशा लहान जेटांत शेवटचें उतरणें वैमानिकाच्या हातचेंच असतें. धुक्या-पावसांत यंत्राकडून माणसाकडे सुकाणू येण्याचा जो क्षण, तो स्वच्छ, ठरल्या वेळीं व ठरल्या रीतीनें आला पाहिजे. तांबडें बटण तपासण्याचा हट्ट त्यासाठीं.

असो. मातोश्रींच्या प्रश्नाकडे वळूं: तूं पाहिलेंस कीं नाहींस, हें कोण पाहतें?

याचें उत्तर कागदावर तरी चांगलें आहे. सुकाणूच्या यंत्रणेस हात लावला असेल तर एका सहीनें भागत नाहीं. एकानें काम करून सही करावयाची, आणि दुसऱ्या अधिकारी माणसानें तें स्वतंत्रपणें पाहून दुसरी सही करावयाची. त्यास दुहेरी तपासणी म्हणतात. दर वर्षीं विमानाच्या उड्डाणयोग्यतेच्या फेरतपासणीचें प्रमाणपत्र नवें करून घ्यावें लागतें, व त्या वेळीं साऱ्या आदेशांची यादी तोंडीं नव्हे तर नोंदींवरून ताडून पाहतात. महासंचालनालयाचे अधिकारी मधून मधून न कळवितां येतात. हें सारें असूनहि, दुसरी सही पहिल्याच्या भिडेखातर होत असेल तर? या प्रश्नास नियमांत उत्तर नाहीं. मला त्यांतल्या त्यांत एक गोष्ट आश्वासक वाटते. दुरुस्तीनंतरच्या चांचणी-उड्डाणांत कित्येकदां अभियंतेहि विमानांत बसतात. २८ जून २०१८ रोजीं मुंबईंत घाटकोपरच्या वस्तींत किंग एअर जातीचें पंख्याचें विमान अशाच चांचणीवर असतां कोसळलें. दोघां वैमानिकांबरोबर देखभालीकडील दोघेजण त्यांत गेले. आणि पांचवा बळी खालून जाणारा एक वाटसरू, ज्यानें जन्मांत त्या विमानाचें नांवहि ऐकलें नसेल. आश्वासक हा शब्द येथें कठोर वाटेल, हें मी जाणतों; पण आपल्या सहीवर स्वतः बसणारा मनुष्य आणि दुसऱ्यास बसविणारा मनुष्य यांत अंतर आहे.

हें सारें मीं मातोश्रींस दोन संध्याकाळीं मिळून सांगितलें. ऑटोपायलटच्या हातांचें व भोंवऱ्याचें त्यांस चटकन् समजलें. उंचीच्या पट्ट्याचें पुन्हां सांगावें लागलें. त्या वृद्ध अभियंत्यांची गोष्ट ऐकून त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीं चिरंजीव परत जावयास निघाले. गाडी रात्रीं होती. आमच्या वहिनींनीं फराळाचा डबा भरला, तों मातोश्री आंतून दुसरा डबा घेऊन आल्या.

"हा कशाला, आजी? एकच पुष्कळ झाला."

"तो तुझा. हा त्या दुसरी सही करणाऱ्याचा," त्या म्हणाल्या. "आणि त्याला सांग, चकल्या खाल्ल्यास म्हणून माझ्या नातवाची भीड धरूं नकोस."